प्रशिक्षकाने थांबावे कोठे?

टेनिसच्या नियमांत १ जानेवारी २०२५ पासून एक बदल अमलात आला. सामना चालू असताना मैदानाबाहेर बसलेल्या प्रशिक्षकाने आपल्या खेळाडूला खुणेने वा थोडक्या शब्दांत सल्ला द्यावा, याला आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने रीतसर मान्यता दिली. कोणत्या स्पर्धेत ही मुभा द्यावयाची, हे ठरविण्याचा अधिकार मात्र त्या त्या स्पर्धेच्या नियंत्रक संस्थेकडे ठेवण्यात आला. वरकरणी हा बदल किरकोळ वाटतो. परंतु शिकविणे म्हणजे काय, आणि शिकविणाऱ्याने केव्हा गप्प राहावे, हा जो शिक्षणातील जुना प्रश्न आहे, तोच या नियमाच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला आहे. शाळा-महाविद्यालयांत शिकविणाऱ्यांनी आणि मुलांना शिकवण्या लावणाऱ्या पालकांनीही त्याचा विचार करावा, इतके त्याचे महत्त्व आहे.

इतर खेळांच्या तुलनेत टेनिसचे एक वैशिष्ट्य आजवर उठून दिसत होते. मुष्टियोद्ध्याला दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात कोपऱ्यातून सल्ला मिळतो; फुटबॉलचा प्रशिक्षक रेषेबाहेरून ओरडत असतो; क्रिकेटच्या फलंदाजाला निदान पलीकडच्या टोकाला एक जोडीदार असतो. टेनिसच्या एकेरीत खेळणारा मात्र पहिल्या सर्व्हिसपासून शेवटच्या गुणापर्यंत एकटा. डेव्हिस कपसारख्या सांघिक स्पर्धेत न खेळणारा कर्णधार मैदानालगत बसे, एवढाच काय तो जुना अपवाद. पुढे महिलांच्या व्यावसायिक स्पर्धांत २००९ पासून प्रशिक्षकाला ठरावीक वेळी बोलाविण्याची सवलत मिळाली आणि पुरुषांच्या स्पर्धांत जुलै २०२२ पासून प्रायोगिक तत्त्वावर मैदानाबाहेरून सल्ला देण्याची परवानगी आली. २०२५ चा नियम ही त्या वाटेवरील शेवटची पायरी होय.

या नियमाच्या समर्थकांचे म्हणणे निराधार नाही. बंदी होती तेव्हाही प्रशिक्षक खुणा करीतच होते. २०१८ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या महिला अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सला याच कारणावरून ताकीद मिळाली आणि पुढे जो गदारोळ झाला तो सर्वश्रुत आहे. जो नियम सर्रास मोडला जातो आणि ज्याचा बडगा एखाद्यावरच पडतो, तो नियम न्याय्य म्हणता येत नाही. चोरून होणारी गोष्ट उघड्यावर आणणे यात प्रामाणिकपणा आहे. तथापि व्यावसायिकांच्या बाबतीत जे योग्य, ते बारा-चौदा वर्षांच्या मुलांच्या बाबतीतही योग्यच असेल काय? त्याचे उत्तर शोधावयाचे तर टेनिसचा प्रशिक्षक नेमके काय शिकवितो, याची फोड करणे आवश्यक ठरते.

हात घडविताना

प्रशिक्षणाचे तीन भाग सर्वसाधारणपणे मानले जातात : तंत्र, डावपेच आणि मन. यांपैकी तंत्र हा भाग सर्वांत दृश्य, आणि म्हणूनच त्याबद्दल गैरसमजही सर्वांत अधिक. रॅकेट धरावी कशी, खांदा केव्हा वळवावा, चेंडू शरीराच्या किती पुढे घ्यावा, सर्व्हिस करताना पायांतील जोर कमरेतून आणि खांद्यातून मनगटापर्यंत कसा चढत न्यावा, या गोष्टी शिकवाव्याच लागतात. चुकीची पकड वर्षभर मुरली की ती सुटत नाही, आणि खांद्याचे दुखणे मात्र आयुष्यभर साथ करते. येथे प्रशिक्षकाची गरज निर्विवाद आहे.

परंतु तंत्र म्हणजे साचा नव्हे. याचे उत्तम उदाहरण स्वीडनचे प्रशिक्षक पर्सी रोसबर्ग यांचे आहे. ब्यॉन बोर्ग त्यांच्याकडे आला तेव्हा तो बॅकहँड दोन्ही हातांनी मारीत असे. त्या काळच्या पुस्तकी तंत्रात हे बसणारे नव्हते. रोसबर्ग यांनी तो फटका बदलला नाही. पुढे किशोरवयीन स्टीफन एडबर्ग त्यांच्या हाताखाली आला. तोही दोन्ही हातांनीच बॅकहँड मारी. त्याला मात्र रोसबर्ग यांनी एका हाताने मारण्याचा सल्ला दिला. बोर्गने पाच वेळा विम्बल्डन जिंकले. एडबर्गने त्या एकहाती बॅकहँडच्या बळावर जाळ्याकडे धावत जाण्याचा आपला खेळ उभारला आणि दोनदा विम्बल्डन मिळविले. एकच शिक्षक, एकच फटका आणि सल्ले परस्परविरुद्ध, दोन्ही बरोबर. कारण शिक्षकाने फटका पाहिला नव्हता, मुलगा पाहिला होता.

लहान मुलांबाबत तर टेनिसने आपली एक मोठी चूक उशिरा का होईना दुरुस्त केली. वर्षानुवर्षे सात-आठ वर्षांच्या मुलाला मोठ्यांचेच मैदान, मोठ्यांचाच टणक चेंडू देण्याची पद्धत होती. चेंडू उसळून डोक्यावरून जाई. मूल वाकडेतिकडे होऊन तो कसाबसा मारी. आणि मग ते वाकडेपण सरळ करण्यासाठी प्रशिक्षकाची फी भरावी लागे. २०१२ पासून दहा वर्षांखालील स्पर्धांत मंद गतीचे चेंडू बंधनकारक झाले. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के मंद, नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के. मैदानही ७८ फुटांऐवजी लाल चेंडूसाठी ३६ फुटांचे. परिणामी ज्या गोष्टी पूर्वी ओरडून सांगाव्या लागत, त्या मुले खेळता खेळता आपसूक करू लागली. परिस्थिती नीट रचली की उपदेश कमी लागतो, हा धडा केवळ टेनिसपुरता नाही.

डोक्याचा वाटा

दुसरा भाग डावपेचांचा. येथे प्रशिक्षणाला चक्क भूमितीचा आधार आहे. टेनिसचे जाळे मध्यभागी ३ फूट उंच असते, तर खांबांपाशी साडेतीन फूट. एकेरीचे मैदान ७८ फूट लांब आणि २७ फूट रुंद. म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर भरते सुमारे साडेब्याऐंशी फूट. तिरपा फटका मारणाऱ्याला जाळे सहा इंचांनी बुटके मिळते आणि चेंडू आत पडण्यासाठी सुमारे साडेचार फूट जागा अधिक मिळते. शिवाय फटक्यानंतर पुन्हा मोक्याच्या जागी येण्यासाठी त्याला पावलेही कमी टाकावी लागतात. अडचणीत सापडल्यावर तिरपे मारावे, हा अनुभवी खेळाडूंचा नियम असा तिहेरी हिशेबावर उभा आहे. प्रशिक्षकाने हा हिशेब एकदा फळ्यावर मांडून दाखविला, तर तो मुलाच्या मालकीचा होतो. नुसते ‘तिरपे मार’ असे शंभरदा सांगितले, तर तो प्रशिक्षकाच्याच मालकीचा राहतो.

सर्व्हिसच्या बाबतीत तर टेनिसचे मैदान अर्थशास्त्राच्या वर्गाला भिडते. प्रतिस्पर्ध्याचा बॅकहँड कमकुवत आहे म्हणून प्रत्येक सर्व्हिस तिकडेच केली, तर तो आधीच तिकडे सरकून उभा राहील आणि कमकुवतपणाचा लाभ नाहीसा होईल. म्हणून सर्व्हिसची मिसळ करावी लागते, आणि तीही समोरच्याला ठाव लागू न देता. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ मध्ये सिद्ध केलेल्या सिद्धांतातून असे निघते की, ही मिसळ योग्य प्रमाणात असेल तर दोन्ही दिशांच्या सर्व्हिसवर गुण जिंकण्याची शक्यता सारखीच यावयास हवी. मार्क वॉकर आणि जॉन वुडर्स या अर्थशास्त्रज्ञांनी मोठ्या स्पर्धांतील नामवंत खेळाडूंचे सामने घेऊन हे ताडून पाहिले आणि २००१ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. दोन्ही दिशांच्या सर्व्हिसवरील यशाचे प्रमाण खरोखरच सिद्धांताच्या अपेक्षेशी जुळणारे आढळले. त्या खेळाडूंना हे प्रमेय कोणी शिकविले नव्हते. हजारो सामन्यांच्या तालमीत ते अंगी बाणले होते.

मात्र त्याच अभ्यासात एक उणीवही दिसली. हे खेळाडू दिशा गरजेपेक्षा अधिक वेळा बदलीत होते. एकदा डावीकडे केली की पुढची उजवीकडे करण्याचा मोह त्यांना होई. मनुष्याला यदृच्छा म्हणजे आलटून-पालटून असे वाटते. प्रत्यक्षात यदृच्छेत एकाच बाजूच्या तीन-चार खेपा सलग येणे स्वाभाविक असते. आता कल्पना करावी की, बाहेरून प्रशिक्षक प्रत्येक सर्व्हिसची दिशा खुणावीत आहे. मोह तोच राहील. फक्त एका डोक्याऐवजी दोन डोकी त्याला बळी पडतील, आणि समोरच्याच्या प्रशिक्षकाला खुणा वाचण्याची सोय होईल.

दोन गुणांमधला वेळ

तिसरा भाग मनाचा, आणि तो सर्वांत अवघड. टेनिसच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा काळ एकूण वेळेच्या मानाने थोडा असतो. उरलेला वेळ दोन गुणांमधल्या पंचवीस सेकंदांचा आणि बाजू बदलतानाच्या नव्वद सेकंदांचा. सामने हरले जातात ते पुष्कळदा या रिकाम्या वेळात. मागची चूक तेथे मनात घोळते आणि पुढची तेथेच जन्म घेते. अमेरिकन मानसतज्ज्ञ जिम लोहर यांनी नेमक्या याच काळाकडे लक्ष वेधले. उत्तम खेळाडूंचा या काळातील क्रम ठरलेला असतो, असे त्यांचे निरीक्षण होते. गुण संपताच शरीर ताठ ठेवणे, मग श्वास सावकाश करून ताण उतरविणे, मग पुढच्या गुणाचा बेत ठरविणे आणि शेवटी चेंडू टप्प्याटप्प्याने आपटण्यासारखा एखादा सवयीचा विधी. हे चारही टप्पे शिकविता येतात. ते सामन्याआधी शिकवावयाचे, आणि सामन्यात खेळाडूने एकट्याने पाळावयाचे असतात.

टिमोथी गॉलवी यांच्या १९७४ च्या ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ या ग्रंथाचा गाभाही हाच आहे. खेळणाऱ्याच्या आत एक सूचना देणारा आणि एक करणारा असे दोघे असतात. पहिल्याची बडबड वाढली की दुसऱ्याचे हात आखडतात, असे त्यांचे प्रतिपादन. ज्याच्या आतच एक सूचक अखंड बोलत आहे, त्याला बाहेरून आणखी एक सूचक देणे कितपत हिताचे, याचा विचार व्हावयास हवा.

या संदर्भात रॉजर फेडररने २०२४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात सांगितलेला आकडा बोलका आहे. त्याने १,५२६ एकेरी सामने खेळले आणि त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के जिंकले. परंतु गुण किती जिंकले? केवळ ५४ टक्के. म्हणजे जगातील सर्वश्रेष्ठांपैकी एक गणला गेलेला खेळाडू शंभरांतील शेहेचाळीस गुण गमावीत होता. टेनिसची गुणपद्धती अशी की, प्रत्येक गुणावरील बारीकशी आघाडी गेम, सेट या पायऱ्यांनी वाढत जाऊन सामन्यात मोठी होते. ज्या मुलाला प्रत्येक गमावलेला गुण हा अपराध वाटतो, त्याला हे गणित कोणी समजावून दिले आहे काय? उलट त्याला दिसतो तो कुंपणापलीकडे उभा राहिलेला बाप, दर चुकीला कपाळावर हात मारून घेणारा. किशोरांच्या स्पर्धेत पहिल्या फेऱ्यांना अनेकदा प्रत्येक मैदानावर पंच नसतो. चेंडू आत की बाहेर याचा निवाडा मुलांनीच एकमेकांवर विश्वास ठेवून करावयाचा असतो. तेवढा एक निवाडाही कित्येक मुले कुंपणाकडे पाहून करतात. त्या मुलांनी काय शिकले म्हणावे?

जिंकणारी मुले कोठून आली?

या बाबतीत निव्वळ मतांवर विसंबण्याचे कारण नाही. डिसेंबर १९८७ मध्ये गोथेनबर्ग येथे डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत स्वीडनने भारताचा ५-० असा पराभव केला. पुढल्याच वर्षी चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांची पुरुष एकेरीची विजेतेपदे स्वीडिश खेळाडूंकडे गेली. तीन मॅट्स विलँडरकडे आणि विम्बल्डन एडबर्गकडे. त्या देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे ८४ लाख होती. त्याच १९८८ मध्ये रोल्फ कार्लसन या स्वीडिश अभ्यासकाने एक तुलना प्रसिद्ध केली. जागतिक दर्जा गाठलेले दहा खेळाडू एका बाजूला, आणि बारा-चौदाव्या वर्षी त्यांच्याच तोडीचे असूनही पुढे मागे पडलेले दहा जण दुसऱ्या बाजूला. फरक कशात होता? पुढे गेलेल्यांनी चौदाव्या वर्षापर्यंत इतरही खेळ खेळले होते, केवळ टेनिसला वाहून घेण्याचा निर्णय उशिरा घेतला होता, आणि ते गावातील साध्या क्लबांत, यशाचा तगादा न लावणाऱ्या मोठ्यांच्या सहवासात वाढले होते. मागे पडलेल्यांनी टेनिसचा निर्णय लवकर घेतला होता आणि त्यांना मोठ्यांच्या अपेक्षांचे ओझे अधिक जाणवले होते. अभ्यास लहान आहे आणि त्यावरून सर्वकालीन नियम सांगणे धाडसाचे होईल. शिवाय त्याच स्वीडनला २००२ मधील थॉमस जोहानसनच्या ऑस्ट्रेलियन विजेतेपदानंतर पुरुष एकेरीत एकही ग्रँड स्लॅम लाभलेले नाही. तरीही सर्वाधिक तगादा लावला की सर्वाधिक यश मिळते, या आपल्याकडील श्रद्धेला हा अभ्यास छेद देतो, हे नाकारता येणार नाही.

भारताचा इतिहास वेगळा दिसतो, पण तोही हेच सांगतो. टी. के. रामनाथन यांनी आपल्या मुलाला शिकविले. तो रामनाथन कृष्णन १९५४ मध्ये विम्बल्डनचा कुमार विजेता झाला आणि १९६० व १९६१ मध्ये तेथेच उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. त्याचा मुलगा रमेश १९७९ मध्ये त्याच स्पर्धेचा कुमार विजेता ठरला. १९९० मध्ये लिअँडर पेसने तो मान मिळविला; तो मद्रासच्या अमृतराज बंधूंच्या अकादमीत तयार झाला होता. घरात जाणता शिक्षक असणे किंवा एखाद्या अकादमीचे दार उघडणे, या दोन्ही गोष्टी नशिबाच्या. राष्ट्राची क्रीडानीती नशिबावर उभी राहू शकत नाही.

भार कोणावर?

येथे प्रश्न पैशाचा येतो. सुमित नागल या भारताच्या अव्वल एकेरी खेळाडूने सप्टेंबर २०२३ मध्ये उघडपणे सांगितले की, वर्षभर खेळूनही त्याच्या बँकेतील खात्यात सुमारे ९०० युरो उरले आहेत, आणि एका प्रशिक्षकासह स्पर्धांसाठी फिरण्याचा खर्च वर्षाला ८० लाख ते १ कोटी रुपयांच्या घरात जातो. चारच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, त्याने ऑस्ट्रेलियन स्पर्धेत मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला पहिल्याच फेरीत हरविले. भारतीय खेळाडूने ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकित प्रतिस्पर्ध्याला नमविण्याची १९८९ नंतरची ती पहिलीच वेळ. देशातील अग्रगण्य खेळाडूची ही स्थिती, तर सोलापूर-नांदेडच्या एखाद्या कारकुनाच्या मुलीची काय असेल?

सामन्यात प्रशिक्षकाचा सल्ला चालेल असे म्हटले की, तो सल्ला विकत घेण्याजोगी वस्तू होते. ज्याच्या पालकांना प्रशिक्षकाच्या प्रवासाचे, निवासाचे आणि दिवसाचे पैसे देणे परवडते, त्याला कठीण क्षणी तयार उत्तर मिळते. ज्याला परवडत नाही, तो पूर्वीसारखाच एकटा राहतो. फक्त आता समोरचा एकटा नसतो. आजवर दोघांनाही सारखाच असलेला एकांत ही या महागड्या खेळातील कदाचित एकमेव समता होती. व्यावसायिक पातळीवर तिचा त्याग करावयाचा असेल तर खुशाल करावा; तेथे करमणुकीचे आणि प्रक्षेपणाचे हिशेब वेगळे आहेत. चौदा वर्षांखालील स्पर्धांत मात्र नियमाने दिलेली ही मुभा न घेणेच श्रेयस्कर ठरेल. नियमाने निवड संघटनांवर सोपविली आहे. ती मुलांच्या हिताने करावी, एवढीच अपेक्षा.

केवळ बंदी घालून भागणार नाही, हेही खरे. टेनिस आपल्याकडे अद्याप जिमखान्यांच्या आणि क्लबांच्या आवारात राहिले आहे. त्या आवारात मार्कर म्हणून सदस्यांशी खेळणारी, खेळाची उत्तम जाण असलेली माणसे आहेत. त्यांना बालप्रशिक्षणाचे रीतसर शिक्षण देऊन महापालिकांच्या शाळांशी जोडता येईल. लाल चेंडू, छोट्या रॅकेटी आणि शाळेच्या पटांगणावर आखलेले ३६ फुटांचे मैदान यांना बालेवाडीसारखे क्रीडासंकुल लागत नाही. पुण्याने २०१८ ते २०२३ या काळात तेथे महाराष्ट्र खुली स्पर्धा भरविली. मोठे खेळाडू आले, खेळले आणि गेले. त्या स्पर्धेने प्रेक्षक मिळविले. खेळणारी मुले मिळवावयाची तर पैसा शाळांच्या पटांगणावर आणि शिक्षकांच्या शिक्षणावर खर्च करावा लागेल. त्या खर्चाचे उद्घाटन होत नाही, हीच त्यातील अडचण.

शिकवणीवर्ग, गाइडे आणि अपेक्षित प्रश्नसंच यांच्या आधारे परीक्षा पार करणाऱ्या पिढ्या महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. त्या पिढ्यांतील हुशार मुलांनाही पुढे पहिला अनपेक्षित प्रश्न आला की ती आजूबाजूला पाहू लागतात, हेही अनेक शिक्षकांनी पाहिले आहे. टेनिसचे मैदान हे त्यावरचे एक स्वस्त औषध ठरू शकते. तेथे तंत्र शिकवावे, डावपेचांचा हिशेब समजावून द्यावा, श्वासाचा आणि धीराचा सराव करून घ्यावा, आणि मग मुलाला कुंपणाच्या आत सोडून दार लावून घ्यावे. ५-५ अशा बरोबरीत, दुसरी सर्व्हिस करण्यासाठी चेंडू हातात घेतलेल्या मुलीने कुंपणाकडे न पाहता आपल्या मनाशी एक निर्णय घेतला, तर तो चुकला तरी तिचा असेल. प्रशिक्षकाचे यश त्या क्षणी तिला त्याची आठवण न होण्यात आहे.